पहिला मसुदा पुसू नका: मुलांना मत लिहायला आणि मग ते बदलायला शिकवताना

वहीत लिहिलेला पहिला मसुदा कच्चा दिसायचा. खाडाखोड, समासात घुसवलेली ओळ, बाणाने खाली ओढलेलं वाक्य. बघताक्षणी कळायचं की हे अजून व्हायचंय. स्क्रीनवर तसं होत नाही. तिथे पहिलंच वाक्य छापल्यासारखं उमटतं आणि मूल हात वर करतं, "बाई, झालं!" मत-लेखन कॉम्प्युटरवर शिकवताना माझी सगळ्यात जास्त दमछाक झाली ती या "झालं"मुळे. टायपिंग काय, मुलं आठवड्याभरात शिकतात.

मी आठवी-नववीला मराठी शिकवते. खाली जी पद्धत सांगते आहे ती चुकत-माकत जमत गेली आहे आणि अजूनही दरवर्षी थोडी बदलते. तिचा कणा एवढाच की लिहिलेलं काही पुसायचं नाही. कॉम्प्युटर आपल्यासाठी लिहील यापेक्षा तो जुनं सगळं सांभाळून ठेवेल, हा त्याचा मला वाटणारा मोठा उपयोग.

फाइल उघडण्याआधी

विषय चुकला तर पुढची सगळी साधनं वाया. "विज्ञान: शाप की वरदान" असा विषय दिला की चाळीस मुलं चाळीस वेळा नाण्याला दोन बाजू असतात असं लिहितात, आणि शेवटी आपण त्याचा वापर कसा करतो यावर सगळं अवलंबून असतं. यात मत कुठे आहे? मी विषयाला दोन चाळण्या लावते. वर्गातल्या दोन शहाण्या मुलांचं त्यावर खरोखर पटणार नाही, असा तो हवा. आणि त्याबद्दलचा काहीतरी पुरावा मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी, आठवड्याभरात, गोळा करता यायला हवा. वर्गातल्या जागा दर आठवड्याला बदलाव्यात का? गटाने केलेल्या कामात सगळ्यांना सारखेच गुण मिळावेत का? वाचनालयातून एका वेळी किती पुस्तकं द्यावीत? विषय लहान घेतला की मुलं मोठं लिहितात.

एक मूल, एक फाइल

मी गूगल डॉक्स वापरते, कारण वर्गातल्या बहुतेकांकडे ते चालतं. वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्येही यातलं बरंचसं होतं. तिथे ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल दाखवणारी सोय) चालू करायचं आणि प्रत्येक मसुदा वेगळ्या नावाने साठवायचा. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" अशी नावं मात्र मी चालू देत नाही. मसुदा १, मसुदा २ आणि तारीख, बस.

डॉक्समध्ये मी एक कोरा साचा करते. वर प्रश्न, खाली लिहायला जागा, तळाशी "काय बदललं आणि का" असं एक रिकामं शीर्षक. मग त्याच्या लिंकच्या शेवटी जो "एडिट" शब्द असतो, तो आणि त्यापुढचं सगळं काढून तिथे इंग्रजीत "कॉपी" लिहिते. ती लिंक उघडली की मुलाला थेट स्वतःची प्रत करायची का, असं विचारलं जातं. गूगल क्लासरूम असेल तर "प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत" हा पर्याय हेच काम करतो.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून सगळ्या वर्गाला एकाच फाइलमध्ये बसवलं होतं. प्रत्येकाने आपापल्या नावाखाली लिहायचं, अशी कल्पना. विसाव्या मिनिटाला कुणीतरी सगळं सिलेक्ट करून डिलीट दाबलं. वर्गात आधी शांतता, मग आकांत. व्हर्जन हिस्ट्रीत, म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्या साठवलेल्या असतात तिथे, जाऊन दहा मिनिटांपूर्वीची आवृत्ती परत आणली आणि मजकूर वाचला; पण त्या दहा मिनिटांत लिहिलेलं पुन्हा लिहावं लागलं. तेव्हापासून एक मूल, एक फाइल. पण त्या गोंधळात एक चांगलं झालं. काहीच कायमचं जात नाही हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि खोडायची भीती गेली.

फाइलबद्दल तीन बारीक गोष्टी, ज्या मला कुणी आधी सांगितल्या नव्हत्या. व्हर्जन हिस्ट्री बघायला एडिटरचा, म्हणजे मजकूर बदलण्याचा, हक्क लागतो; नुसत्या कमेंटरला, म्हणजे ज्याला फक्त शेरे लिहिता येतात त्याला, ती दिसत नाही. म्हणून मुलाने मला एडिटर म्हणूनच घ्यायचं. फाइलची कॉपी केली तर जुना इतिहास कॉपीबरोबर येत नाही. म्हणून मसुद्यागणिक नवी फाइल काढायची नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच ठेवायची. आणि जुन्या आवृत्त्या कालांतराने एकत्र केल्या जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक टप्प्यावर फाइल मेनूतून व्हर्जन हिस्ट्रीत जाऊन चालू आवृत्तीला नाव द्यायचं. हे नाव देण्याचं काम मुलांनी स्वतः, माझ्या डोळ्यांसमोर, तास संपायच्या आत करायचं. घरी करतो म्हणाले की झालंच मग.

फॉन्टचं एकदाच बघून घ्या. युनिकोडमध्येच टाइप करायचं. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेलं पान दुसऱ्या मशीनवर रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडतं, आणि त्यात शोधा-बदला काही म्हणता काही चालत नाही.

पहिला मसुदा: तोंडाने

ज्या मुलाला गप्पा मारताना मुद्दे सुचतात आणि कीबोर्डसमोर बसलं की सुचत नाहीत, त्याच्यासाठी बोलून टाइप करणं म्हणजे वरदान (शाप नव्हे). क्रोममध्ये डॉक्स उघडायचं, टूल्समधून व्हॉइस टायपिंग घ्यायचं, भाषा मराठी करायची आणि शेजारच्याला समजावून सांगतोय असं दहा मिनिटं बोलायचं. वर्गात एकदम चाळीस जण बोलू शकत नाहीत हे उघड आहे. मी सहा-सहांना व्हरांड्यात पाठवते, बाकीचे टाइप करतात.

बोलून आलेल्या मराठी मजकुरात आमच्या वर्गात विरामचिन्हं उमटत नाहीत. दहा मिनिटांची एक अखंड माळ हाती येते. सुरुवातीला मला हा दोष वाटायचा. आता तोच माझा पुढचा पाठ असतो: वाक्य कुठे संपलं ते तू ठरव. पूर्णविराम देता देता मुलांच्या लक्षात येतं की "आणि"ने जोडलेल्या पाच गोष्टींपैकी दोनच कामाच्या होत्या.

या टप्प्याला एकच नियम: बॅकस्पेस बंद. चुकलं तर चुकलं. शुद्धलेखनाच्या लाल रेघा मी सेटिंगमधून बंदच करायला लावते, कारण लाल रेघ दिसली की मूल मुद्दा सोडून वेलांटीमागे धावतं.

रंगवून बघा

१९५८ साली स्टीफन टूलमिन या तत्त्वज्ञाने युक्तिवादाची एक मांडणी केली. त्यातले तीन भाग मुलांना पुरतात: दावा, आधार, आणि त्या आधारावरून दाव्यापर्यंत नेणारा दुवा. तिसऱ्यावरच गाडी अडते. "मागच्या बाकावर आवाज जास्त असतो, म्हणून जागा बदलाव्यात" यात आधार आहे, दावा आहे; पण जागा बदलल्याने आवाज कमी का होईल, हा दुवा गायब. आवाज त्या मुलांबरोबर पुढे येणार नाही कशावरून?

मुलांना मी हायलाइटर देते. दावा पिवळा, आधार हिरवा, दुवा निळा, समोरच्याचं म्हणणं गुलाबी. ज्यांना रंग नीट वेगळे दिसत नाहीत ते वाक्याआधी कंसात अक्षर लिहितात. पाच मिनिटांत पान रंगतं आणि मला काही बोलावंच लागत नाही. पहिल्या मसुद्यात सहसा पिवळाच पिवळा असतो. एकच गोष्ट चार वेळा ठासून सांगितलेली. निळा कुठेच नाही. गुलाबी असला तर "काही लोक म्हणतात की" एवढ्यावर संपलेला.

दुसरी युक्ती याहून स्वस्त. कंट्रोल आणि एफ दाबून "कारण" शोधायला सांगा. मत मांडणाऱ्या दोन पानांत "कारण" एकदाही सापडत नाही, असं अनेकदा होतं. (एकदा एकाला तीन सापडले म्हणून तो खूश झाला; बघितलं तर दोन "राजकारण" होते आणि एक "विनाकारण".) मग "सर्व", "नेहमी", "कधीच", "प्रत्येक" शोधायचं. सापडेल तिथे थांबून विचारायचं: खरंच सर्व? "खूप" शोधताना "खुप"ही शोधा, कारण मशीनसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि मुलांसाठीही, दुर्दैवाने.

शिक्षकाने काय लिहायचं आणि काय नाही

डॉक्समध्ये सजेस्टिंग नावाची सोय आहे. तुम्ही केलेला बदल सूचना म्हणून दिसतो आणि लिहिणाऱ्याने बरोबरच्या खुणेवर टिचकी मारली की तो मजकुरात जातो. मला ती फार आवडली होती. एका सुटीत मी सगळ्या वर्गाची वाक्यं अशी दुरुस्त केली, रात्री जागून. दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या मागे उभी राहून पाहिलं. टिक, टिक, टिक, टिक. एकही सूचना न वाचता त्याने सगळ्या स्वीकारल्या आणि म्हणाला, "बाई, झालं." निबंध सुधारला होता. मुलगा जिथे होता तिथेच होता.

आता मी सूचना देत नाही, कमेंट देते, आणि कमेंटमध्ये फक्त प्रश्न. एका मसुद्याला जास्तीत जास्त तीन. कंट्रोल, ऑल्ट आणि एम दाबलं की कमेंटची चौकट उघडते, म्हणून हात चालतो. तीनवर थांबणं हेच अवघड.

एका मुलीचा परिच्छेद दाखवते. विषय जागा बदलण्याचा. ती स्वतः दुसऱ्या बाकावर बसते. मसुदा १ असा होता:

"आजच्या धावपळीच्या युगात शिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. वर्गात बसण्याची जागासुद्धा महत्त्वाची असते. मागे बसणाऱ्यांना नीट दिसत नाही आणि त्यांचं अभ्यासात लक्ष लागत नाही. म्हणून दर आठवड्याला सर्वांच्या जागा बदलल्या पाहिजेत."

पहिल्या वाक्याला मी हात लावला नाही. ते जाणारच होतं. "लक्ष लागत नाही" यावर विचारलं: "हे तुला कसं कळलं?" "सर्वांच्या" यावर: "जाड चष्मा असलेल्या मुलालाही मागे पाठवायचं?" आणि "दर आठवड्याला" यावर: "आठवडाच का?"

पहिल्या प्रश्नाला तिने कमेंटमध्येच उत्तर दिलं, "सगळ्यांना माहीत आहे." मी लिहिलं, "मला नाही." दोन दिवस फाइल शांत. मसुदा २ मध्ये तिने फक्त "अनन्यसाधारण"चं "खूप" केलं होतं. मी काहीच लिहिलं नाही. मग बुधवारी ती आपणहून शेवटच्या बाकावर जाऊन बसली, आणि मसुदा ३ आला:

"बुधवारी मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसले. एका तासात फळ्यावर काय लिहिलंय हे मला पुढच्या मुलीला चार वेळा विचारावं लागलं. चौथ्या वेळी आम्हा दोघींना बोलल्याबद्दल उभं केलं. माझ्या नेहमीच्या जागेवर असं कधी झालेलं नाही. मागच्यांचं लक्ष नसतं असं आपण म्हणतो, पण निदान काही वेळा तो जागेचा दोष असतो. म्हणून जागा आलटून पालटून द्याव्यात. ज्यांना नजरेमुळे पुढेच बसावं लागतं त्यांना यातून वगळावं. दर आठवड्याला बदल केला तर सामान हलवण्यातच वेळ जाईल, असं माझी मैत्रीण म्हणते. ते मला पटलं. महिन्यातून एकदा पुरे."

उभं करणारी मीच होते, हे तिने सौजन्याने लिहिलं नाही.

या तीन आवृत्त्या मी (तिला विचारून, नाव काढून) दर वर्षी पडद्यावर शेजारी शेजारी लावते. मसुदा २ मधला तो "खूप" दाखवायला विसरत नाही. बहुतेकांना सुधारणा म्हणजे तेवढंच वाटतं. १९८० साली लेखनाच्या अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी २० नवशिके विद्यार्थी आणि २० अनुभवी लेखक यांच्या सुधारण्याच्या सवयी ताडून पाहिल्या. विद्यार्थी मुख्यतः शब्द बदलत होते. अनुभवी माणसं आपल्या म्हणण्याचा आकार शोधत होती. तेव्हा वर्ड प्रोसेसर घरोघरी नव्हते. शब्द बदलणं आता एका टिचकीचं काम झालंय, म्हणजे मोह उलट वाढलाच.

एकमेकांचं वाचताना

मित्राला मित्राचं देऊ नका. जोड्या मी लावते, आणि वाचणाऱ्याला कमेंटरचाच हक्क देते, एडिटरचा नाही. "छान", "मस्त" आणि अंगठ्याचं चित्र यांना बंदी. दोनच कमेंट लिहायच्या. एकीची सुरुवात "मला इथे असं समजलं की" आणि दुसरीची "मी इथे अडलो, कारण". पहिली जास्त कामाची ठरते. लिहिणाऱ्याला एक म्हणायचं होतं आणि वाचणाऱ्याला भलतंच समजलं, हे बाईंनी सांगून पटत नाही.

लिहिणाऱ्याने प्रत्येक कमेंटला उत्तर द्यायचं. मान्य केलं तर काय बदललं, नाही केलं तर का नाही. नाही म्हणण्याचा हक्क आहे, हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर शेजाऱ्याचं ऐकून चांगली वाक्यं उडतात.

मशीनला विरोधी पक्षात बसवा

चॅटजीपीटी किंवा तसलं साधन मी मसुदा २ नंतरच आणते, आणि माझ्याच खात्यातून, सगळ्यांसमोर पडद्यावर. मुलांना स्वतःची खाती काढायला लावत नाही. वयाच्या अटी असतात, त्या वाचून घ्या. सूचना साधारण अशी देते: "या मताला तुझा विरोध आहे. याच्यावर तीन आक्षेप घे. उत्तरं देऊ नकोस. माझा मजकूर पुन्हा लिहू नकोस." शेवटचं वाक्य विसरलं की ते उत्साहाने सगळा निबंध लिहून देतं, आणि त्यात हमखास धावपळीचं युग येतं.

आलेल्या आक्षेपांतला सगळ्यात कठीण कुठला हे वर्ग ठरवतो आणि ज्याचा निबंध आहे तो त्याला उत्तर लिहितो. मशीनने एखादा आकडा किंवा अभ्यास पुढे केला तर तो दुसरीकडे सापडल्याशिवाय वापरायचा नाही. अस्तित्वात नसलेले संदर्भ ते फार आत्मविश्वासाने देतं.

"मुलाने मशीनकडूनच लिहून आणलं तर?" हा प्रश्न सहकारी नेहमी विचारतात. पकडणाऱ्या साधनांवर मी विसंबत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतलं. मी व्हर्जन हिस्ट्री उघडते. मुलाने लिहिलेलं अडखळत वाढतं, मागे जातं, एखादी ओळ उडते. चिकटवलेलं एका क्षणात पानभर येतं. तेवढ्यावरून मी आरोप करत नाही, कारण वहीत लिहून मग टाइप करणारी मुलंही असतात. मी शेजारी बसून विचारते, "यातलं कुठलं वाक्य लिहायला सगळ्यात जड गेलं?" ज्याने लिहिलंय तो लगेच बोट ठेवतो.

अगदी शेवटी वेलांट्या

शुद्धलेखन शेवटच्या तासाला, त्याआधी नाही. उद्या जो परिच्छेद उडणार आहे त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आज कशाला सुधारायचे? आधी मशीनकडून मोठ्याने वाचून घ्या. वर्डमध्ये आणि एज ब्राउझरमध्ये रीड अलाउड आहे, फोनमध्येही मराठी आवाज मिळतो. मूल स्वतः वाचतं तेव्हा मनातलं वाचतं, गाळलेला शब्दही वाचतं. मशीन जे आहे तेच वाचतं, सपाट सुरात, आणि लांबलेलं वाक्य ऐकताना वर्ग हसायला लागतो. तपासनीसाची लाल रेघ त्यानंतर. मराठीत ती सामासिक शब्दांखाली आणि प्रत्यय लागलेल्या नावांखाली उगाचच उमटते, म्हणून शब्दकोश शेजारी ठेवा आणि रेघेला घाबरू नका.

गुण

वीसपैकी आठ अंतिम मजकुराला, आठ सुधारण्याला, चार दुसऱ्याला दिलेल्या कमेंटना. सुधारण्याचे गुण कशावरून देणार? साच्याच्या तळाशी ते रिकामं शीर्षक होतं ना, "काय बदललं आणि का", तिथे दीडशे शब्द लिहायचे. त्यात मसुदा १ मधलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवायचं आणि ते का गेलं हे सांगायचं. ज्याचं मत पूर्ण उलटलं त्याचा एकही गुण जात नाही. मुलांना हे दोनदा सांगावं लागतं. पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

सगळ्या फाइल्स बघायला वेळ कुठून आणायचा? मी प्रत्येकाच्या तीन नावं दिलेल्या आवृत्त्याच बघते, मधलं काही नाही. एका मुलाला सहा-सात मिनिटं लागतात. कॉम्प्युटर कमी असतील तर जोडीने एक फाइल चालते. फक्त कुणी कुठला परिच्छेद लिहिला ते वर लिहून ठेवायचं.

पूर्ण झालेले लेख मी फाइलमध्ये बंद करून ठेवत नाही. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला पाठवायला लावते. जागांबद्दलचे लेख मुख्याध्यापकांकडे कमेंटरच्या हक्काने गेले. त्या मुलीच्या फाइलवर त्यांनी एकच कमेंट लिहिली: "परीक्षेच्या महिन्यात काय करायचं?" दुपारच्या सुटीत तिने मसुदा ४ उघडला होता.